कार्ड लिहिलं का?

मिस्त्री कशालाच घाबरत नाही, असं त्याची गिऱ्हाइकं एकमेकांना सांगत असत. ते साफ खोटं होतं. तो यंत्राला घाबरत नसे, एवढंच खरं. उकळत्या रेडिएटरचं झाकण तो फडकं टाकून उघडायचा. डाव्या करंगळीचं टोक एका पंख्याने नेलं, तेव्हा हाताला चिंधी गुंडाळून त्याने पंख्याचा पट्टा आधी बसवला आणि मगच दवाखाना गाठला. पण समोर छापील कागद आला की याच माणसाला दरदरून घाम फुटे. रकाने दिसले की डोळ्यांपुढे मुंग्या. खाली 'सही' असं छापलेलं दिसलं की घशाला कोरड. "यांना वाघ चालेल, अर्ज नको," असं बायको म्हणायची, आणि दुकानाची सगळी कागदपत्रं तीच सांभाळायची.

मिस्त्रीचं नाव झालं होतं ते त्याच्या कानामुळे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मग पाच मिनिटांनी डोळे उघडून तो दोन शब्द बोलायचा आणि ते दोन शब्द बरोबर असायचे. लोक त्याला कानमिस्त्री म्हणत. समोर म्हणत, मागे म्हणत, आणि त्याला ते आवडायचं.

या कानानेच त्याला एक वाईट खोड लावली होती. गाडी दुकानात आली की तिचं जॉब कार्ड लिहायचं असतं. गाडीचा नंबर, आल्याची वेळ, तक्रार आणि खाली मिस्त्रीची सही. सगळ्या जगात हे कार्ड गाडी घेताना लिहितात. मिस्त्री ते गाडीचा रोग कळल्यावर लिहायचा. ज्या उस्तादाच्या हाताखाली तो शिकला त्याने हे त्याच्या डोक्यात भरवलं होतं: आधी कान, मग कार्ड. दुखणं कळलं नाही तोवर कागदावर लिहिणार काय?

"गिऱ्हाईक सांगेल ते लिहायचं," बायको म्हणे.

"गिऱ्हाईक सांगतं, आवाज येतो. आवाज तर तुझाही येतो. त्याचं काय कार्ड करायचं?"

एखादी गाडी मग तासाभरात कार्डावर चढे, एखादी दुसऱ्या दिवशी. दुकानाच्या ऑफिसला अंगणाकडे उघडणारी एक छोटी खिडकी होती. बायको त्या खिडकीत टेबल लावून बसे आणि दिवसातून दहा वेळा तिथून विचारी, "कार्ड लिहिलं का?" मिस्त्री जिथे असेल तिथून ओरडे, "लिहितो." बावीस वर्षं हे चाललं होतं.

तीन वर्षांपूर्वी मात्र या कार्डाला वजन आलं. बायकोचा धाकटा भाऊ विमा एजंट झाला आणि सगळे एजंट करतात तेच त्याने केलं, सुरुवात घरापासून केली. तो टेबलावर कागद पसरून बसला. मिस्त्री दाराकडे बघत बसला.

"भावोजी, नीट ऐका. तुमच्या दुकानाचा विमा आहे तो भिंती आणि हत्यारं सांभाळतो. गिऱ्हाइकाच्या गाडीकडे तो ढुंकूनही बघत नाही. आणि गिऱ्हाइकांचं म्हणाल, तर निम्म्या लोकांचा विमा नुसता दुसऱ्याला धडकलं तरचा असतो. स्वतःच्या गाडीला काही झालं की हात वर. म्हणजे गाडी फाटकाच्या आत आली, किल्ली तुमच्या हातात आली, की तिचं जे होईल ते तुमच्या डोक्यावर."

"एकोणीस वर्षांत काही झालं नाही."

"हा विमा ते ओझं उचलतो. अट एकच. गाडी आत आली की लगेच कार्ड. नाहीतर गाडी तुमच्या ताब्यात होती हे कंपनीने मानायचं कशावरून?"

मिस्त्रीने मान डोलावली. सही कर म्हटल्यावर करून टाकली आणि हात धुवायला गेला. त्यानंतरही आधी कान, मग कार्ड, असंच चालू राहिलं. फरक इतकाच पडला की खिडकीतला आवाज दहाऐवजी वीस वेळा यायला लागला.

त्या मंगळवारी सकाळी सुईणबाई आपली गाडी घेऊन आल्या. पांढरी, छोटी, म्हातारी गाडी. घरोघरी जाऊन बाळंतपणं करणाऱ्या या बाईंनी त्या गाडीतून किती जणांच्या दारात वेळेवर पाऊल टाकलं असेल, याची गणती त्यांनाही नव्हती. त्यांनी आपली पेटी बाहेर काढली.

"मिस्त्री, मागून घुर्र घुर्र करते. संध्याकाळपर्यंत द्या. एकीचे दिवस भरलेत, केव्हाही बोलावतील."

"ऐकतो आणि सांगतो."

सुईणबाईंनी किल्ली दिली, घड्याळ बघितलं, 'आठ दहा' असं पुटपुटत पिशवीतली वही काढून त्यात काहीतरी टिपलं आणि चालत गेल्या. कळा कधी सुरू झाल्या, पाणी कधी गेलं, हे लिहायची त्यांना इतकी सवय होती की त्या दुधाच्या पिशवीचीही वेळ लिहीत. मिस्त्रीने किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. कार्ड अर्थातच लिहिलं नाही.

अंगणातली फरशी सगळीकडे उतरती होती. जॅक लावायला सपाट अशी एकच जागा, लोखंडी तुळईखालची. त्या तुळईला जड ओझं उचलायची चेनपुली होती आणि पुलीला शनिवारपासून एक जुनं इंजिन टांगलेलं होतं. ते मिस्त्रीचंच, सुट्या भागांसाठी विकत घेतलेलं. ज्या हुकात ते अडकवलं होतं त्याची जीभ, म्हणजे ओझं निसटू नये म्हणून लावलेली पट्टी, चार महिन्यांपूर्वीच तुटली होती. मिस्त्रीने तिथे तार गुंडाळली होती. आणि टांगलेल्या ओझ्याखाली जायचं नाही, हे त्याच उस्तादाने कान पिळून शिकवलं होतं. कार्डाचं शिकवलेलं मिस्त्रीच्या लक्षात राहिलं आणि हे राहिलं नाही. माणूस आपल्या सोयीचं तेवढंच पाठ करतो.

इंजिन हातभर बाजूला आहे, असं त्याने डोळ्यांनी मोजलं. गाडी तिथे ढकलली, मागचं चाक जॅकवर उचललं आणि चाकं लावलेल्या फळीवर उताणा पडून तो गाडीखाली सरकला. डाव्या हाताने चाक फिरवत, उजव्या हाताने स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याने डोळे मिटले. बेअरिंग. खात्री करायला तो पुन्हा चाक फिरवणार, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"कार्ड लिहिलं का?"

"लिहितो."

"लिहितो नाही. आधी इकडे या. बाईंची गाडी सकाळपासून उभी आहे. कार्ड झाल्याशिवाय तिला हात लावायचा नाही."

मिस्त्रीने गाडीखालीच दोन शिव्या हासडल्या. मग फळी बाहेर सरकवायचाही कंटाळा करून तो नुसता अंगाने बाहेर आला, हात पुसत पुसत खिडकीकडे निघाला. पाच पावलं झाली असतील, नसतील.

आवाज झाला तो त्याने आयुष्यात ऐकला नव्हता, आणि त्याने पुष्कळ आवाज ऐकले होते. तो वळला तेव्हा गाडीचा मागचा अर्धा भाग गाडीच्या उंचीचा राहिला नव्हता. इंजिन छपरातून आत जाऊन बसलं होतं. जॅक आडवा झाला होता. काचेचे तुकडे त्याच्या पायापर्यंत आले होते. वर रिकामा हूक हलत होता आणि त्याला तारेचा एक तुकडा लोंबत होता.

बायको धावत बाहेर आली आणि पायरीवरच मटकन बसली. "तुम्हाला लागलं का?"

मिस्त्री म्हणाला, "कार्ड लिहिलं नाही गं."

खरं सांगायचं तर मरणाचा विचार त्याला त्या क्षणी शिवलासुद्धा नाही. त्याला धसका बसला तो कागदाचा. बायको सुईणबाईंना सांगायला गेली आणि तो एकटाच अंगणात उभा राहिला. फाटकाबाहेर पावलं वाजली की त्याला वाटे, आले. कोण आले, ते त्यालाही सांगता आलं नसतं. विमा मिळणार नाही. बाईंची गाडी आपल्याला भरून द्यावी लागेल आणि ती द्यायची तर हत्यारं विकावी लागतील. हत्यारं गेली की दुकान गेलं. शिवाय गावभर होणार, कानमिस्त्रीकडे गाडी टाकली आणि तिचा चुराडा झाला. उद्यापासून कोण येईल? हाताला काम नाही म्हणून तो खराट्याने काचा गोळा करायला लागला. अर्ध्या गोळा केल्यावर वाटलं, पुरावा हलवला म्हणून पकडतील. त्याने त्या पुन्हा पसरून ठेवल्या.

तेवढ्यात बायकोचा निरोप मिळून मेहुणा आला. त्याने गाडी बघितली, हूक बघितला, आणि पहिला प्रश्न विचारला तो घरातल्या सगळ्यांना पाठ होता.

"कार्ड?"

मिस्त्रीने नकाराची मान हलवली. मेहुण्याने इकडेतिकडे बघून टेबलाच्या खणातून एक कोरं कार्ड काढलं.

"बाई कधी आल्या म्हणालात, सकाळी आठ दहा? तेच लिहा. ताई यायच्या आत लिहा."

"खोटं?"

"गाडी आठ दहाला आली हे खोटं आहे का? मग! आणि भावोजी, त्या तारेचं तोंडातून काढू नका. हूक अचानक तुटला. तुमची चूक आहे असं एकदा कबूल केलंत की संपलं, कंपनी दारातही उभं करणार नाही."

मिस्त्रीने लिहिलं. आठ दहा. मागच्या चाकाचं बेअरिंग. सही. सही झाल्यावर त्याचंच नाव त्याला परक्याचं वाटलं. मेहुण्याने ते कार्ड फायलीत सर्वांत वर लावलं.

सुईणबाई आल्या त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं. गाडीभोवती एक फेरी मारून त्या म्हणाल्या, "माझा विमा दुसऱ्याच्या नुकसानीपुरता आहे, मिस्त्री. आज बोलावणं आलं तर मी जाऊ कशी?"

मिस्त्रीने खिशातून आपल्या व्हॅनची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्या दिवसात त्याच्या हातून झालेली ही एकच धड गोष्ट.

त्या रात्री तो जेवला नाही आणि झोपलाही नाही. आधी एकच भीती होती, कार्ड नाही याची. आता दोन झाल्या. कार्ड नाही तर दुकान जाईल, आणि कार्ड आहे ते पकडलं तर आपण जाऊ. बायको शेजारी शांत झोपली होती आणि तिला कार्डाचं माहीत नव्हतं, या गोष्टीची तिसरी.

बुधवारी दहाला नुकसान तपासायला कंपनीची सर्वेअर आली. मिस्त्रीने मनात कुणीतरी दांडगा, मिशाळ माणूस रंगवला होता. आली ती मुलीच्या वयाची, बारीक आवाजाची बाई. खांद्याला कॅमेरा, हातात मोजपट्टी. ती कुणाला काही बोलली नाही. आधी फोटो काढले, मग शिडी मागून वर चढली आणि हुकावरची तार दोन बोटांनी फिरवून बघितली. मेहुणा घसा खाकरून म्हणाला, "अचानक झालं हो सगळं." ती "हं" म्हणाली.

मग खाली उतरून तिने फाईल मागितली. सर्वांत वरचं कार्ड वाचलं. बायको खिडकीत होती, काल झालंच नव्हतं ते कार्ड तिला सर्वेअरच्या हातात दिसलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

सर्वेअर वाकून गाडीखाली बघत होती. "ही फळी कुणाची?"

फळीचे दोन तुकडे झाले होते. एक तुकडा आत चेपला गेला होता आणि त्याच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर पडला होता, मुठीपासून वाकलेला.

"माझी," मिस्त्री म्हणाला.

"तुम्ही हिच्यावर होतात?"

"होतो."

"इंजिन पडायच्या किती आधी?"

"पाच पावलं," मिस्त्री म्हणाला. मिनिटांत सांगायचं त्याला सुचलं नाही.

सर्वेअरने त्याच्याकडे नीट बघितलं. "काम तर अर्धवट दिसतंय. जॅक गाडीखाली, स्क्रू ड्रायव्हर आत. मग बाहेर का आलात?"

प्रश्न इतका साधा होता की मेहुण्यालाही त्याचं उत्तर पढवून ठेवायचं सुचलं नव्हतं. पाणी प्यायला, असं मिस्त्रीच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात त्याची नजर खिडकीकडे गेली. बायको बघत होती. कार्ड जर आठ दहाला लिहिलेलं असेल, तर तिने साडेअकराला हाक मारली नाही. तिने हाक मारली नाही, तर तो बाहेर आला नाही. सर्वेअरच्या हातातल्या त्या कार्डाप्रमाणे तो अजून फळीवरच होता.

त्याने जॅकच्या पेटीवर बसकण मारली.

"ते कार्ड खोटं आहे," तो म्हणाला. "काल हे झाल्यावर लिहिलं. कार्ड झालंच नव्हतं. ते लिहायला हिने हाक मारली म्हणून मी बाहेर आलो."

मेहुण्याला जोराचा खोकला आला. मिस्त्री थांबला नाही, थांबलो तर पुन्हा तोंड उघडणार नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याने तारेचं सांगितलं, चार महिन्यांचं सांगितलं, टांगलेल्या ओझ्याखाली गाडी आपणच ढकलली हेही सांगितलं. सांगून झाल्यावर तो हातकड्या कशा असतात याचा विचार करायला लागला.

सर्वेअर बराच वेळ लिहीत होती. मग तिने ते कार्ड फायलीतून काढून त्याच्यापुढे धरलं.

"हे खरं म्हणून माझ्याकडून पुढे गेलं असतं आणि नंतर उघडकीला आलं असतं, तर काहीच मिळालं नसतं. वर खटला झाला असता. ते तुम्ही आत्ता सांगितलंत, मी तसंच लिहिते आहे."

"आणि चूक? ती माझीच आहे."

"चूक तुमची आहे म्हणून तर मी आले," ती म्हणाली. "उद्या वादळात झाड पडून गाडी चेपली, तर त्यात तुमचा दोष काय? तेव्हा हा विमा बहुतेक लागणारच नाही. तुमच्या हलगर्जीपणाने गिऱ्हाइकाचं नुकसान झालं तर ते भरून द्यायला हा आहे. हे तुम्हाला विकताना कुणी सांगितलं नाही?"

मेहुणा आपल्या बुटांचं निरीक्षण करत होता.

"प्रश्न कार्डाचाच आहे," ती पुढे म्हणाली. "गाडी तुमच्या ताब्यात दिली होती, याचं त्याच वेळी लिहिलेलं दुसरं काही आहे का?"

मिस्त्रीकडे काही नव्हतं. तेवढ्यात व्हॅन फाटकातून आत आली. सुईणबाई उतरल्या, डोळे रात्रभराच्या जागरणाने लाल. "मुलगी झाली," त्यांनी कुणी न विचारता सांगितलं. "दोघी ठीक आहेत. व्हॅनचा गिअर फार जड आहे हो." खिडकीतून बायको म्हणाली, "बाई, तुमची वही आहे का जवळ?"

वही होती. मंगळवारच्या पानावर, कुणाच्या तरी कळांच्या वेळांखाली, लिहिलं होतं: आठ दहा, गाडी मिस्त्रीकडे, किल्ली दिली, मागून आवाज. सर्वेअरने त्या पानाचा फोटो काढला.

"ही वही कार्डाच्या जागी चालेल, असं मी म्हणत नाही. मी लिहीन, ठरवणारे ठरवतील." मग एक कोरा कागद तिने मिस्त्रीपुढे ठेवला. "काय झालं ते तुमच्या हाताने लिहून द्या."

आयुष्यात पहिल्यांदा मिस्त्रीने लगेच पेन उचललं. त्याने सगळं लिहिलं, हळूहळू, अक्षर लावत. शेवटचं वाक्य असं होतं: कार्ड लिहायला बायकोने बोलावलं म्हणून मी गाडीखालून बाहेर आलो. सही करण्याआधी वाचायचं असतं म्हणून त्याने ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. आणि मग, पूर्ण एक दिवस उशिराने, तो घाबरला. दात वाजायला लागले. हातातून पेन पडलं, ते उचलायला त्याला वाकता येईना. बायको खिडकीतून उठून बाहेर आली आणि सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. सही व्हायला बराच वेळ लागला, तोवर सर्वेअर हुकाचे आणखी फोटो काढत राहिली.

पुढचे पाच आठवडे पोस्टमन दिसला की मिस्त्री गाडीखाली जायचा. पत्र आलं ते बायकोने फोडलं. बाईंचं नुकसान भरून द्यायचं कंपनीने मान्य केलं होतं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की इथून पुढे कार्ड नसलेल्या गाडीची जबाबदारी कंपनी घेणार नाही. मिस्त्रीने ते पत्र दोनदा वाचायला लावलं आणि तरी रात्री उठून बायकोला विचारलं, "नक्की हो म्हणालेत ना?"

आता दुकानात नवा हूक आहे आणि त्याखाली कुणी जात नाही. गाडी फाटकात असतानाच मिस्त्री कार्ड लिहितो, गिऱ्हाईक बोलेल त्याच शब्दांत: घुर्र घुर्र करते, खडखड करते, रुसल्यासारखी बंद पडते. लिहून झालं की तो ते स्वतः खिडकीत नेऊन देतो. बायको ते फायलीत लावते. आणि कार्ड तिच्याच फायलीत आहे हे माहीत असूनही, तो गाडीखाली शिरला की थोड्या वेळाने तिथून हाक मारते, "कार्ड लिहिलं का?"

मिस्त्री चिडत नाही. हातातलं काम तसंच टाकतो, गाडीखालून पुरता बाहेर येतो, उभा राहतो, आणि मग सांगतो, "लिहिलं."